पसारा मॅडम

पसारा मॅडमना सरासरी सांगून गप्प करता येत नसे. "आकुर्डीहून बस साधारण दहा मिनिटांनी मिळते," असं कुणी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "आणि पसारा?" म्हणजे बस कधी लगेच मिळते आणि कधी अर्धा तास उभं करते, की रोज नऊ-अकरा मिनिटांतच येते? सरासरी दोन्हीकडे दहाच. पण पहिल्या तऱ्हेच्या बसच्या भरवशावर राहिलात तर सकाळची शिफ्ट चुकणार. पुस्तकात याला प्रमाण विचलन म्हणतात. मॅडम तो शब्द फळ्यावर एकदा लिहायच्या, "हा परीक्षेपुरता," म्हणायच्या, आणि पुढे वर्षभर पसाराच म्हणायच्या. त्यावरून त्यांना हे नाव पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांच्या वर्गात गेलो तो शिकायच्या हौसेने नाही, रागाने. चाकणच्या पुढे माझी पत्र्याची शेड आहे. दुसऱ्यांच्या मशीनवर उमेदीची वर्षं घालवून, बँकेच्या साहेबांशी भांडून ती उभी केली. एका मोठ्या कंपनीला वीस मिलिमीटर व्यासाच्या पिना द्यायच्या होत्या. पहिला लॉट लाल स्टिकर लावून परत आला. दुसराही आला. मी तिथल्या क्वालिटीच्या साहेबासमोर आकडे आपटले. "सरासरी काढा! बरोब्बर वीस येते की नाही?" त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. "व्हेरिएशन जास्त आहे, भाऊ. तिसरा लॉट फेल गेला तर पार्ट दुसऱ्याला देऊ." का जास्त आहे, काय करू, एक अक्षर नाही. शेडमध्ये दुसरं काम नव्हतं. ती पिन गेली असती तर शेडही गेली असती. त्या माणसावरचा राग अजून माझ्यापाशी आहे आणि तो मी स्वस्तात सोडणार नाही.

आकुर्डीच्या एका कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळचा संख्याशास्त्राचा वर्ग चालायचा, त्यात नाव घातलं. मॅडम सडपातळ, सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. आवाज मात्र शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरसारखा. त्यांचे वडील प्रेस शॉपमध्ये होते, धाड धाड पत्रा कापणाऱ्या मशीनवर, त्यात त्यांचे कान गेले. त्यामुळे घरात सगळे मोठ्यानेच बोलत. "मी ओरडत नाहीये, मी बोलतेय," हे त्यांचं प्रत्येक नव्या तुकडीला पहिलं वाक्य. आणि खरंच, त्या आवाजात राग कधी सापडला नाही. माझ्याकडे दोन्ही होतं.

एकदा त्यांनी वर्गात नाणं उडवायला घेतलं. छापा, छापा, छापा, छापा. पुढे काय, म्हणाल्या. मी सगळ्यांच्या आधी ओरडलो, "काटा! आता काटा यायलाच पाहिजे."

"यायलाच पाहिजे? का बरं?"

"इतक्यांदा छापा आला ना! काहीतरी न्याय आहे की नाही?"

"गावडे, नाण्याला काय ठाऊक मागे काय झालं ते? त्याच्याकडे दाद मागू नका. निम्मी शक्यता, बस." त्यांनी नाणं उडवलं. पुन्हा छापा. वर्ग हसला, मी नाही हसलो. कारण माझा सगळा हिशोब तोच होता: दोन लॉट परत आले, आता तिसरा पास व्हायलाच पाहिजे.

दुसऱ्या एका दिवशी त्या सुतळीचा गुंडा घेऊन आल्या. प्रत्येकाने नजरेच्या अंदाजाने एक फुटाचे दोन-तीन तुकडे कापायचे. मग सारख्या लांबीचे तुकडे फळ्यावर खालून वर, एकावर एक रचत चिकटवले. मधे गर्दी, दोन्ही कडांना तुरळक.  जमिनीवर ठेवलेली घंटा. "बघा, कुणी ठरवून केलं का हे? हात आहे, नजर आहे, थोडं इकडे, थोडं तिकडे. जवळचे पुष्कळ, लांबचे थोडे. याला नॉर्मल म्हणतात."

मी म्हणालो, "मॅडम, ते कडेचे ज्यांनी कापलेत त्यांना दोन शब्द सुनवायला पाहिजेत."

"तुमचेच आहेत त्यातले दोन," त्या म्हणाल्या. "कुणाला सुनवता?"

चाचणीत मला एक गुण कमी पडला. मी स्टाफरूमच्या दारात उभा राहून घासाघीस सुरू केली. आकृती बरोबर होती, शेवटी भागाकार चुकला, अर्धा द्या, अर्धा सोडा. त्या शांतपणे पेपर तपासत होत्या. "गावडे, भाव करायचा तर डांगे चौकात या. मी सहाला भाजी घेते." मी खरंच गेलो. चौक थेरगावात, आणि त्या तिथेच राहायच्या. तिथे मी भाजीवाल्याला कोथिंबिरीच्या जुडीवरून घाम फोडला, भाव खाली आणला, आणि मॅडमनी त्याला आधीचेच पैसे दिले. मला संताप आला. त्या म्हणाल्या, "मी याच्याकडे वर्षभर घेते. एखादी जुडी बारीक येते, एखादी गच्च. वर्षाचं जमतं. प्रत्येक जुडीला भांडले तर याचा हात आखडेल आणि माझं डोकं फिरेल." गुण मिळाला नाही तो नाहीच.

तिसरा लॉट सुरू करायच्या आधीच्या रविवारी त्या स्कूटरवरून शेडवर आल्या. मी बोलावलं होतं ते मशीन दाखवायला. त्यांनी मशीनकडे फारसं पाहिलंच नाही. स्टुलावर बसून आमच्याकडे पाहत राहिल्या. लेथवर, म्हणजे पिना कातायच्या मशीनवर, माझा कामगार किसन होता, लातूरकडचा, हाताने चांगला, तोंडाने गरीब. पिन निघाली, मोजली, थोडी जाड. मी ओरडलो, "डोळे कुठेत? कमी कर!" त्याने मशीनचं सेटिंग तेवढंच कमी केलं. पुढची पिन बारीक. "अरे एवढं कमी? वाढव!" त्याने वाढवलं. पुढची जाड. किसन रडवेला होऊन म्हणाला, "मालक, तुमीच म्हणलाव की वाढव म्हणून!"

मॅडम उठल्या. "गावडे, चहा आणा."

"किसन आणेल की."

"तुम्ही आणा. आणि सावकाश आणा."

टपरी हाकेच्या अंतरावर होती, पण मॅडमनी सांगितलं म्हणून मी रेंगाळलो. परत आलो तर बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पिना मापाप्रमाणे रांगांनी मांडलेल्या. वरच्या बाजूला मी असताना निघालेल्या. पालथी परात, पसरट, कडा पार कागदाच्या टोकापर्यंत. खाली मी चहाला गेल्यावरच्या. निमुळती, सुबक घंटा. आणि दोन्हींचा मध्य वीसवरच.

"सेटिंगला हात लावला नाही याने," मॅडम म्हणाल्या. "मशीनचा स्वतःचा थोडा पसारा असतो, तो सुतळीसारखाच. त्यात दोष कुणाचाच नाही. तुम्ही प्रत्येक पिनेला जाब विचारता, हा प्रत्येक वेळी सेटिंग हलवतो, आणि मशीनच्या पसाऱ्यावर तुमचा पसारा चढतो."

मी भडकलो. "म्हणजे बघतच बसायचं? उद्या कातायचं टूल झिजलं तर?"

"तर रांगच सरकेल, आणि ती दिसेल. पाच पिना एकत्र मोजा. पाचांची सरासरी सरकली तर हात लावा. एकट्या पिनेवर चिडू नका." किसन खाली बघून हसत होता. तेवढं मात्र मी पाहून ठेवलं.

तिसरा लॉट तसाच काढला. मी किती वेळा ओठ चावले ते माझं मला ठाऊक. लॉट पास झाला. क्वालिटीचा साहेब म्हणाला, "अरे वा, आता कसं काय जमलं?" आणि त्याच दमात भाव कमी करायला सांगितलं. त्याच्या टेबलावर मी जो भांडलो तो अख्ख्या मजल्याने ऐकला असेल. एक पैसा सोडला नाही. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या एका दिवसावरून मत करू नये, गावडे."

"मॅडम, तो त्याचा कडेचा दिवस नव्हता. मधलाच होता."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की स्टाफरूममधली माणसं बाहेर डोकावली. "हे बरोबर मांडलंत," म्हणाल्या. तरी गुण दिला नाही. पुढच्या परीक्षेत मी तो माझ्या हिमतीवर मिळवला.

निवृत्त झाल्यावर त्या मुलीकडे नागपूरला गेल्या. थेरगावच्या घराचं सामान टेम्पोत चढवायला मी आणि किसन गेलो होतो. टेम्पोवाल्याशी मी भाव करायला लागलो तशी मॅडम वरच्या गॅलरीतून गरजल्या, "गावडे, चहा आणा!" किसनने ते वाक्य तिथेच उचललं. आता तो शेडचा सुपरवायझर आहे, हाताखाली चार मुली लेथ चालवतात. माझा आवाज चढायला लागला की तो, आणि आता त्या पोरीसुद्धा, मान वर न करता म्हणतात, "मालक, चहा आणा." मी किटली उचलतो. मालकाने चहा आणायचा ही आमच्या शेडची रीत आहे, आणि त्या पिनेचा एकही लॉट त्यानंतर परत आलेला नाही.

परवा टपरीवरूनच मॅडमना फोन लावला. तोच आवाज, फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येतो.

"काय गावडे, अजून चहा आणता का?"

"आणतो की. दिवसाला सरासरी दोनदा."

 मला पुढचा प्रश्न माहीत होता, आणि या वेळी उत्तर तयार होतं.

"आणि पसारा?"

"कमी होतोय, मॅडम," मी म्हणालो. "फक्त तो क्वालिटीवाला येतो तो दिवस धरू नका."

"धरणार," त्या म्हणाल्या.