तिसऱ्या गिअरचे अकरा दिवस

वाहन परवान्याच्या चाचण्या घेणारे साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण लोकांनी त्यांचं साहेबपण काढून घेतलं नव्हतं, आणि त्यांनीही ते परत करायची घाई केली नव्हती. एकतीस वर्षं ते शेजारच्या सीटवर मांडीवर कागद घेऊन बसले आणि त्यांनी मन लावून लोकांना नापास केलं. रिव्हर्सवर त्यांचा विशेष जीव. मैदानातल्या खांबाला गाडीचा नुसता वारा लागला तरी साहेबांचं पेन हलायचं.

त्यांची स्वतःची गाडी बावीस वर्षांची. तिच्याबद्दल ते बायकोपेक्षा जरा जास्तच आदराने बोलत, आणि हे बायकोच्या केव्हाच लक्षात आलेलं होतं. एका मंगळवारी सकाळी चौकात सिग्नल सुटला, साहेबांनी पहिला गिअर टाकायला दांडा डावीकडे ढकलला, आणि आत कुठेतरी टक् झालं. त्यानंतर दांडा पुढे ढकलला की तिसरा पडायचा, मागे ओढला की चौथा. बाकीचे गिअर संपावर गेले. मागच्या गाड्यांनी हॉर्नवर आपापलं मत मांडलं.

गॅरेजवाला खाली वाकून बघून आला. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात, त्यातली डावं-उजवं सांगणारी तुटली होती. इतक्या जुन्या गाडीची केबल शोधायला वेळ लागेल, तोवर गाडी इथेच राहू द्या, असं त्याने सुचवलं. आता गाडी ठेवायची म्हणजे बसने फिरायचं. आणि बसच्या निम्म्या ड्रायव्हरांना साहेबांनी एकेकदा नापास करून घरी पाठवलेलं. तेव्हा केबल मिळाली की कळवा, असं म्हणून ते गाडीत बसले. तिसऱ्यावर गाडी उचलत राहिलात तर क्लच जळेल, असं गॅरेजवाल्याने बजावलं. साहेबांनी त्याला क्लच म्हणजे काय असतं ते पाच मिनिटं समजावून सांगितलं.

मग सुरू झाला तो काटेकोर नियोजनाचा काळ. साहेबांनी कागदावर असे रस्ते आखले की कुठेच मागे यायची वेळ येऊ नये. गाडी फक्त समोरून सरळ बाहेर पडता येईल अशाच जागी उभी करायची. त्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे जायला बायको अर्धा मैल चालली, शिवाय दाढ दुखत असताना. प्रत्येक वेळी निघताना गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि जळका वास यायचा. कोणीतरी कचरा पेटवलाय, असं साहेब म्हणायचे. अकरा दिवस त्यांच्या मागोमाग सगळीकडे कोणीतरी कचरा पेटवत होतं. बायको रुमाल नाकाला लावून बसायची.

अकराव्या दिवशी मोठा रस्ता पाइपासाठी खणलेला निघाला आणि बायको शेजारी बसलेली असताना साहेबांना एका अरुंद गल्लीत शिरावं लागलं. गल्लीत दहा पावलं गेले नसतील तोच समोरून कपड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली व्हॅन आली. चालवत होती लॉन्ड्रीवाली. साहेबांनी तिला रिव्हर्सवर चार वेळा नापास केलं होतं आणि पाचव्या वेळी ती त्यांच्या सुट्टीच्या दिवशी येऊन पास झाली होती.

ज्याला गल्लीचं तोंड जवळ त्याने मागे जायचं, हा नियम तिला साहेबांनीच शिकवला होता. ती शांतपणे थांबली. साहेबही थांबले. मग ती उतरली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाली, "साहेब, तुम्ही मागे घेताय ना?"

साहेबांनी नियमांची सगळी पानं मनातल्या मनात उलटली. उपयोगी पडेल असं एकही निघेना.

"रिव्हर्स पडत नाही," ते स्टिअरिंगकडे बघत म्हणाले.

"मलाही पडत नव्हता," ती म्हणाली. "चार वेळा."

ती हसली नाही, आणि हेच साहेबांना जास्त लागलं. तिने व्हॅन मागे घेतली, सबंध गल्लीभर, वळणासकट, एका दमात. भिंतीला वारासुद्धा लागला नाही. साहेब गल्लीच्या टोकाला तिच्याजवळ पोहोचले, काच खाली केली आणि म्हणाले, "डावा आरसा बघितला नाहीत."

त्यांच्या बायकोने दार उघडलं, उतरली, पलीकडून जाऊन व्हॅनमध्ये गठ्ठ्यांशेजारी बसली आणि व्हॅन दोघींना घेऊन निघून गेली.

साहेब एकटेच गॅरेजला गेले. केबल नुकतीच आली होती, पण क्लच प्लेट जळून कोळसा झाली होती. गॅरेजवाल्याने ती प्लेट साहेबांना नीट दिसेल अशी टेबलावर ठेवली. गाडी ठेवून साहेब बसने लॉन्ड्रीकडे निघाले. बसमध्ये पुढच्या सीटवर बसूनही ड्रायव्हरला त्यांनी एकही सूचना केली नाही.

लॉन्ड्रीत बायको चहा पीत बसलेली होती. साहेब दारातच घुटमळले. बायको वर बघेना, तेव्हा आत येऊन लॉन्ड्रीवालीला म्हणाले की मघाचा रिव्हर्स चांगला होता.

"असं तोंडी नको," इस्त्री न थांबवता ती म्हणाली. "लिहून द्या."

तिने कपड्यांच्या पावत्यांचं पुस्तक पुढे सरकवलं. साहेबांनी चष्मा लावला आणि चादरी, उशांचे अभ्रे या रकान्यांच्या खाली, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: रिव्हर्स, उत्तीर्ण.