रॅपरचा युनिफॉर्म

आमच्या स्टुडिओत गाणी कमी बनतात आणि सांगण्यासारख्या गोष्टी जास्त घडतात. एक कुणाला सांगून होईपर्यंत दुसरी घडलेली असते. स्टुडिओ म्हणजे शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीवरची एक खोली. अमोल बीट बनवतो, रणजित रॅप करतो आणि मी व्हिडिओखाली ओळी टाइप करते. एम.ए. करून हेच का, असं घरी विचारतात. मी विषय बदलते.

पहिल्याच दिवशी अमोलनं स्पीकर लावला आणि माझ्या हातातला चहा कीबोर्डवर. मी रडायच्या बेतात. अमोल मात्र शांतपणे रणजितला म्हणाला, "किकचा ठोका बरोबर बसलाय. ही दचकली."

तेव्हापासून नवीन बीट आला की मला दाराकडे तोंड करून बसवतात. मी दचकले नाही, तर अमोल तो बीट पुसून टाकतो.

*

गिरणी चालू असली की खोली थरथरते, म्हणून रेकॉर्डिंगपुरती खालच्या काकू ती बंद ठेवतात. एकदा दळणाला आलेल्या एक मावशी डबा घेऊन ताटकळल्या. वर रणजितचं एकच कडवं नवव्यांदा चाललेलं. शेवटी मावशी जिना चढून आल्या आणि त्याला म्हणाल्या,

"पावणं, समोरचा कायबी उलटं बोलंना झालाय. मिटवा की भांडण आता."

*

रणजितचे वडील, तात्या, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, तपासतात. हातोडीनं हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर माल पास. बद्द वाजलं तर तात्या म्हणणार, "चीर हाय." मग वरून कितीही गुळगुळीत दिसू दे, भंगारात.

रणजितनं ही सवय उचलली. ओळ लिहून झाली की टेबलावर नखानं ठोकत म्हणून बघतो. "बद्द वाजतंय," म्हणतो आणि कागद फाडतो. मी टाइप केलेला असला तरी.

*

रणजितही शेजारच्याच फाउंड्रीत होता. पहिल्या अल्बमसाठी त्यानं नोकरी सोडली आणि घरी सांगितलं नाही. तात्यांना कळलं तर घराबाहेर काढतील, अशी त्याला खात्री. म्हणून रोज सकाळी युनिफॉर्म घालून, डबा घेऊन तो निघतो आणि थेट स्टुडिओत येतो. आल्यावर युनिफॉर्म खिळ्याला. घरी जाताना तो मळलेला दिसायला हवा, म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची पूड आणतो. ती लावायचं काम माझ्याकडे. मी नीटनेटकी आहे ना! कॉलरला जास्त, पाठीवर कमी.

*

अमोलचं म्हणणं, रॅपमध्ये स्ट्रगल पाहिजे. म्हणून दुसऱ्या कडव्यात रणजितनं लिहिलं, की बापानं मला घरातनं हाकललं.

मी म्हटलं, "अरे, पण त्यांना अजून माहीतच नाही."

"हाकलणारच हायेत की. आधी लिवून ठेवतोय."

*

गेल्या आठवड्यात भरदुपारी मी बीट नसताना दचकले. दारात तात्या. हातात पिशवी. त्यांनी खिळ्यावरचा युनिफॉर्म बघितला, मग टी-शर्टातला रणजित बघितला आणि स्टुलावर बसले.

"लाव."

अमोलनं अख्खं गाणं लावलं. बंद करायचं धाडस कुणाला? तात्या डोळे मिटून गुडघ्यावर नखानं ठोकत होते. दुसरं कडवं आलं तसं बोट थांबलं. गाणं संपलं.

"पयलं खणखणीत हाय," तात्या म्हणाले. "दुसऱ्यात चीर हाय."

तात्या उठले, युनिफॉर्मची कॉलर नाकाशी धरून हुंगली आणि पिशवी टेबलावर ठेवली. आत फाउंड्रीतली काळी वाळू होती.

"इस्त्रीचा कोळसा लगेच कळतोय. तुझ्या आईला संशय आलाय. उद्यापासनं ही लावा." मग आमच्याकडे वळून, "लावतंय कोण?"

मी हात वर केला.

"कॉलरला एवढं नसतंय, पोरी. बाह्यांना लाव."