उलटा फिरणारा लेथ

आबा सिडनीला आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि पाचव्याच आठवड्यात म्हणाले, "पुढच्या शुक्रवारचं तिकीट बघ. बसून बसून अंग आंबलं."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माझा बाप. इथं पेंडल हिलला त्यांना काम काय, तर स्टेशनजवळच्या दुकानातून कोथिंबीर आणायची. त्यांनी राहावं म्हणून मी मागच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याचा जुना लेथ आणून गॅरेजमध्ये बसवला. आबांनी तो पुसला, तेल दिलं, पट्टा ताणला, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं केलं. मोटर एकाच बाजूला फिरत होती. आटे पाडताना प्रत्येक फेरीनंतर लेथ उलटा फिरवून टूल परत सुरुवातीला आणावं लागतं.

"उलटा फिरत न्हाई तर ह्यावर आटे पाडू कसं? तिकीट बघितलंस का?"

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. माझी पदवी आबांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावली आहे. सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही दाखवतात. पण इथं असल्या वायरिंगला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच लागतो. मी ऑफिसात ड्रॉइंग काढते, जोडणारे वेगळे.

"एवढी शिकलीस आणि चार वायरी जोडता येत न्हाईत?"

"येतात. परवानगी नाही."

"मग कागदावर तरी काढ."

मी काढायला बसले. आबा शेजारी खुर्ची ओढून सांगू लागले, लाइनच्या दोन वायरींची अदलाबदल कर, मोटर उलटी फिरते. त्यांच्या कारखान्यात सगळ्या मोटरी तीन फेजच्या, तिथं हे बरोबरच होतं. ही घरच्या प्लगवर चालणारी सिंगल फेज. हिला ते लागू पडत नाही, हे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला यावर परीक्षेत प्रश्न आला होता. पण आबा मशीनबद्दल बोलत असले की आमच्या घरात कुणी मध्ये बोलत नसे. त्यांचं बोट कागदावर फिरत होतं आणि मी त्यामागून रेघा ओढत गेले.

शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियन आला. दोन घरं सोडून राहणारा, हाफ पँट आणि जाडजूड बूट घातलेला गोरा. त्याने ड्रॉइंग बघितलं आणि डोकं खाजवलं.

"मेट, ही मोटर तशीच फिरेल. पुढेच. तू इंजिनियर ना?"

आबांना इंग्रजी येत नाही. "काय म्हणतोय?"

एखादा पार्ट मिळत नाही, असं सांगता आलं असतं.

"ड्रॉइंग चुकलंय म्हणतोय. ह्या मोटरीत दोन वाइंडिंग असतात. एक सुरू करणारं, एक चालवणारं. फक्त सुरू करणाऱ्याची टोकं उलटी करायची. आपण लाइनच्याच वायरी उलट्या केल्या. त्यानं दोन्ही एकदम उलटतात, मोटर आहे तशीच फिरते."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"तुम्ही सांगत होता ना."

आबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी सांगितलं म्हणून चुकीचं काढलंस? माना डोलवायला तुझे दोन भाऊ होते की घरात. तुला कशाला शिकवली?"

मी कागद पालटला आणि पाठीवर नवीन ड्रॉइंग काढलं. कुणाला विचारलं नाही. इलेक्ट्रिशियनने ते एकदा बोटाने वाचलं, "नो वरीज" म्हणाला आणि तासाभरात स्विच बसवला. स्विचची दांडी एकीकडे टाकली, लोखंड पकडणारा चक पुढे फिरला. थांबवला. दुसरीकडे टाकली, उलटा फिरला.

"पूर्ण थांबल्याशिवाय दांडी टाकायची नाही," मी आबांना सांगितलं. "फिरत असताना टाकली तर ही मोटर उलटत नाही, पुढेच जात राहते."

"ऐकतोय. इंजिनियरबाई बोलतायत."

इलेक्ट्रिशियनने जाता जाता गाडीतून ट्रेलरच्या जॅकचा झिजलेला स्क्रू आणून दाखवला. नवीन होईल का? आबांनी आट्यांवरून नख फिरवलं. "इंचातले आटे आहेत. सांग त्याला, पुढच्या शनिवारी घेऊन जा म्हणावं."

"आबा, शुक्रवारी तुमचं तिकीट..."

"मग शनिवारी त्याला करून कोण देणार? तू? तुला तर हितं वायरीला हात लावायची परवानगी न्हाई."