साहेबांचा मोबाईल

मतदानाच्या रांगेत माझ्या पुढे आमदार उभे होते. केंद्राध्यक्ष म्हणून शेजारच्या गावातल्या शाळेच्या बाई आल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या गळक्या पत्र्यांचा अर्ज घेऊन याच आमदारांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी तिथेच होतो. साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली नव्हती.

आज बाई म्हणाल्या, "साहेब, मोबाईल बाहेर ठेवून या."

"अहो, बंद आहे तो."

"बंद असला तरी बाहेर."

साहेब मुकाट बाहेर गेले.

निवडणूक आयोग म्हणजे दिल्लीतली मोठी इमारत, एवढंच मला ठाऊक होतं. तो तर इथे, चुरगळलेल्या सुती साडीत, बाकावर डबा ठेवून बसला होता! मला हसू आवरेना.

बाई पुन्हा अर्ज घेऊन जातील. या वेळी साहेब मोबाईल आधी खाली ठेवतील.