तिच्या बाजूचा ब्रेक

ब्रेक ऑइल सारखं कमी व्हायचं आणि दर रविवारी मी ते भक्तिभावाने भरायचो. यालाच गाडीची काळजी घेणं म्हणतात, अशी माझी समजूत. शेवटी गाडी दाखवली, तेव्हा मेकॅनिक अन्वरभाईंनी ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून झिजलेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं. "साहेब, तेल संपत नव्हतं, इथून गळत होतं. पेडल खोल जात असेल ना?"

जात होतंच. मी नुसता पायाचा जोर वाढवत गेलो. माणूस बिघाडाचीही सवय करून घेतो.

नवं रबर बसवून मी आणि बायको घाट उतरलो. ब्रेक अलगद लागला. सहज शेजारी पाहिलं, तर वळणावर तिने दोन्ही टाचा मॅटवर घट्ट रोवल्या होत्या. इतके महिने तीही ब्रेक दाबतच होती.