मागाच्या लाकडाची गिटार

बेस गिटारच्या तारा मळल्या की आवाज बसतो. नव्या तारा तेव्हा बेळगावात मिळत नसत. मुंबईला जाणारं कुणी ओळखीचं निघालं तर सांगून ठेवायचं आणि वाट बघायची. तोवर उपाय एकच, जुन्या तारा उतरवायच्या, त्यांचं वेटोळं करायचं आणि पातेल्यात खळखळ उकळायचं. जाड तारांच्या वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ निघाला की आवाज थोडे दिवस पुन्हा खणखणीत होतो. आमच्या शहापूरच्या घरात हे चाललेलं बघून आई विचारायची, "आज काय शिजवालास रं? लोखंडाच्या शेवया?" आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, विडी पेटवता पेटवता हसायचे. पहिल्यांदा मी 'बेस गिटार' म्हणालो तेव्हा ते म्हणाले होते, "बेस म्हंजे चांगलीच की. मग वाईट गिटारबी असतीया व्हय?"

आप्पा विणकर. घरात शिरलं की डाव्या हाताला त्यांचा खड्डामाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. काठाला लाल रेशीम असलेली लुगडी त्यांच्या हातची अशी असत की दुकानदार ती वेगळी काढून ठेवायचे. पण सत्तरचं दशक सरत आलं तसं वडगावात पॉवरलूम वाढले आणि दुकानदारांनी सूत देणं थांबवलं. आप्पा एका पॉवरलूमच्या शेडात तुटलेले धागे जोडायला जाऊ लागले. घरचा माग बंद पडला. आईनं त्यावर वाकळांची चळत रचली.

मी तो धंदा शिकलोच नव्हतो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये लागलो होतो. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तसाच्या तसा लाकडात घडवतात आणि वाळूत दाबून त्याचा साचा घेतात. ते लाकडी भाग करणं हे माझं काम. उरलेल्या वेळात आम्ही पाच जण मिळून ऑर्केस्ट्रा चालवायचो. गणपतीत, लग्नांत, कधी कॅम्पात फौजी लोकांच्या कार्यक्रमाला वाजवायचो.

गिटारही कॅम्पातूनच आली. चर्चमध्ये वाजवणारे एक गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या पत्नी मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि ओलीपासून जप म्हणून सांगितलं. मी जपली नाही असं नाही. पण तिचं अंग प्लायवूडचं होतं आणि बेळगावचा पाऊस चार महिने भिंतींतून सुद्धा झिरपतो. दुसऱ्या पावसाळ्यात प्लायवूडचे पापुद्रे सुटले. ज्या पट्टीवर तारा अडकवतात तिचे स्क्रू निघून आले. मान, म्हणजे वरची दांडी, मात्र चांगली होती. तिच्या आतली सळई पिळून मी तिचा बाक काढला होता, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या कानशीनं घासून एका पातळीत आणल्या होत्या. खालचं अंगच काय ते गेलं होतं.

ती मांडीवर घेऊन मी बसलो होतो. आप्पा शेडातून आले.

"काय झालं रं?"

"फुगली आप्पा. आता स्क्रू धरत न्हाय. नवं अंग करायला पायजे."

"मग कर की. तुझं कामच हाय ते."

"लाकूड जुनं लागतंय. मुरलेलं. नवीन घातलं तर परत वाकडं हुतंय."

आप्पा हातपाय धुऊन आले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि मागाकडे बघत म्हणाले, "ह्यो पुढचा रूळ घे. सागवान हाय. माझ्या बापानं घातलेला."

विणलेलं कापड ज्यावर गुंडाळत जातं तो हा रूळ. चौकोनी, चांगला पाच बोटं जाड, आणि आप्पांचं पोट वर्षानुवर्षं टेकून पुढची कड काचेसारखी झालेली. मी म्हणालो, "नको आप्पा."

पण मी ते एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. माझी नजर तोवर रुळाची जाडी मोजू लागली होती. उभा चिरला तर दोन फळ्या निघतील, त्यांचे तुकडे शेजारी शेजारी सांधले तर गिटारच्या अंगाएवढी रुंदी मिळेल.

"धूळच खातंय तिथं," आप्पा म्हणाले. "घे."

आईनं वाकळा उचलून आत नेऊन ठेवल्या आणि परसात जाऊन बसली. रूळ आप्पांनी स्वतः काढला. मला हात लावू दिला नाही. पाचरी ठोकून सैल केल्या, जुन्या लुगड्यात तो गुंडाळला आणि माझ्या सायकलला सुतळीनं आडवा बांधला. "गल्लीतनं जाताना जपून," एवढंच म्हणाले.

फोरमनच्या परवानगीनं सुट्टीनंतर मी तो चिरला. करवत फिरली तसा खळीचा आणि तेलाचा वास आला, आमच्या घराचाच वास. शॉपमधला जोडीदार म्हणाला, "असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाय." मला मशीन बंद करावंसं वाटलं. पण तोवर अर्ध्याच्या पुढं गेलो होतो, आणि अर्धा चिरलेला रूळ घेऊन घरी कुठल्या तोंडानं जायचं?

गिटार अप्रतिम झाली. हे सांगतानाही संकोच वाटतो, पण झाली. रुळातली जुनी भोकं मी सागाच्याच गुल्ल्यांनी बुजवली. मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून बारीक तांब्याची तार आणून तारांचा आवाज पकडणारं पिकअप नव्यानं गुंडाळलं. तार छेडली की स्वर किती तरी वेळ तसाच राहायचा, खाली बसायचा नाही. घरी पहिल्यांदा लावली तेव्हा पितळी भांडी फळीवर थरथरली. आप्पा ऐकत राहिले. म्हणाले, "घुमतंय खरं." मी खूश झालो. मग मान वर केली तर समोर माग दिसला. पुढून उघडा पडलेला, दात पडलेल्या माणसासारखा. आईनं दुसऱ्या दिवशी तिथं एक फळी ठोकली आणि वाकळा परत रचल्या. तेव्हापासून मी घरी सराव करताना भिंतीकडे तोंड करून बसू लागलो.

दोनेक वर्षांनी निपाणीत तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला आम्हाला बोलावलं होतं. मांडवात तंबाखूचा उग्र वास आणि मोगरा दोन्ही मिसळलेले. पहिली काही गाणी झाली, आम्हाला चहा आला. नवरीची आजी खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होती. तिनं मला हातानं बोलावलं. गिटार गळ्यातच होती.

"कुठलं रं तुम्ही पोरं?"

"बेळगावचं, आजी."

"बेळगावात कुठं?"

"मी शहापूरचा."

"शहापूरचा?" तिचा चेहरा फुलला. मग तिनं गल्ली सांगितली, देवळाजवळचं घर सांगितलं, आणि गालावर तीळ असलेल्या, मोजकं बोलणाऱ्या विणकराबद्दल विचारलं.

"ते माझे वडील."

"अगं बाई! तुझ्या बापाच्या हातचं लुगडं माझ्या लेकीच्या लगनात. अजून पेटीत हाय, रेशमाचा रंग हललेला न्हाय." तिनं स्टेजवरच्या नातीकडे बोट केलं. "हिलाबी तसलंच पायजे म्हणून गेल्या साली मी स्वतः गेलते तुमच्याकडं. तर तुझा बाप म्हणाला, माग मोडलाय. मी म्हटलं, नीट करा, मी थांबते. तर हात जोडलं बघ माझ्यापुढं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मग झाला काय नीट?" आजीनं विचारलं.

"न्हाय अजून."

"का? लाकूड मिळंना झालंय?"

तिनं अगदी आपुलकीनं विचारलं. मी एक हात गिटारवर ठेवला. लपवायला की आधाराला, कळलं नाही. तेवढ्यात गाणाऱ्यानं हाक मारली आणि मी सटकलो. पुढच्या सोप्या गाण्यात दोनदा चुकलो. ढोलकवाला वळून बघू लागला. स्टेजवर नवरी मशीनवरच्या शालूत हसत उभी होती, ती कशाला तक्रार करते! पण माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्या काठाकडे जात होती.

घरी आल्यावर सकाळी आप्पांना विचारलं.

"निपाणीची बाई आलती, मला का सांगितला न्हाईसा?"

"सांगून काय हुणार हुतं? चिरलेलं लाकूड जुळतंय व्हय?"

"दुसरा रूळ केला असता की मी!"

आप्पा चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "तू लई खुशीत हुतास तवा."

खानापूरकडचं जुनं सागवान मिळवायला मला महिने लागले. एका पाडलेल्या घराची तुळई मिळाली. जुन्या खाचांची मापं घेऊन मी रूळ घडवला, फौंड्रीतल्या कुठल्याही कामापेक्षा जपून. बसवताना पाचर इकडची तिकडं झाली नाही. आप्पांनी तळवा फिरवून बघितला. "ब्येस," म्हणाले. त्यांनी ओळखीच्या दुकानदाराकडून सूत आणि रेशीम आणलं. आईनं सुताच्या कांड्या भरल्या. ताणा चढवला. शेडात जायच्या आधी सकाळी ते खड्ड्यात पाय सोडून बसू लागले, आणि फणीचा ठक ठक आवाज घरात परत आला. मी अंथरुणात पडून ऐकायचो. मला वाटायचं, फिटलं.

काही दिवसांनी तो आवाज थांबला. दीड हात कापड झालं होतं.

"न्हाय जमत," आप्पा म्हणाले. "खड्ड्यातनं उठता येईना. गुडघं ऐकत न्हाईत." मग पुढं म्हणाले, "तवाबी जमलं नसतं बघ. ती बाई आली तवाच गुडघं गेलतं माझं. पाय चालत न्हाईत म्हणायची लाज वाटली, म्हणून माग मोडलाय म्हणालो. तुझ्यामुळं सुटलो."

ती दुपार मला फार हलकी गेली. फौंड्रीत शीळ घालत काम केलं. संध्याकाळी आई निवडत बसली होती, तिला सांगितलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"आन तू खरं मानलास?"

"खोटं कशाला बोलतील?"

"त्या साली रोज वडगावला चालत जाऊन येत हुतं ते," ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

कोण खरं, ते मी आप्पांना पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला वाचवायला तेच परत सांगितलं असतं, आणि मी ते परत मानलं असतं.

पुढं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला. वाजवणारा डाव्या हातानंच बेस काढायचा. मला कुणी जा म्हणालं नाही. मीच तालमीला जायचा कमी झालो. गिटार ठेवली. पावसाळ्यात तारा सैल करतो, लाकडाला जवसाचं तेल लावतो, वर्षातून एकदा सळई तपासतो. लोक म्हणतात, सुंदर आहे, कुठून आणली? मी म्हणतो, घरीच केली.

ते दीड हात कापड आईनं मागावरून कापून घेतलं. चोळीला पुरलं नसतं. माझी मुलगी झाली तेव्हा आईनं त्याचं टोपडं शिवलं, पुढं लाल काठ येईल असं. मुलगी ते सारखी ओढून काढायची. आप्पा गुडघ्यावर हात देत वाकायचे, उचलायचे, झटकून पुन्हा तिच्या डोक्यावर घालायचे आणि हनुवटीखाली नाडी बांधायचे. ते वाकायला लागले की मी तिथून उठून जायचो.