सत्काराखालचा बेस

आमच्या ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवायचो आणि माझा थोरला भाऊ बेस गिटार. दिवसा मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून, दादा एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. बेस वाजत असताना तो कोणाच्या लक्षात येत नाही. लग्नात लोक विचारायचे, ह्याला चारच तारा का? दादा म्हणायचा, बाकीच्या परवडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मग उजव्या हाताची तार छेडणारी दोन बोटं ढिली पडली. मुंबईच्या डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, की स्नायू गळत जाणार, आधी हातांचे, मग बाकीचे, आणि ह्याला औषध नाही. आम्ही आत गेलो. दादाने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जयंतीपर्यंत हात चालेल ना?"

जयंती म्हणजे देवरूखजवळच्या आमच्या बौद्धवाडीतली, एप्रिलमधली. तिथे बुद्धविहारासमोर तो दरवर्षी वाजवत आला होता. आणखी एकदा वाजवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्यासाठी त्याने प्रीअँप मागवला. साबणाच्या डबीएवढी पेटी, गिटार आणि साउंडवाल्याच्या मिक्सरच्या मध्ये जोडायची. बेसच्या तारेतून निघणारा सिग्नल मुळात अगदी क्षीण असतो, ढिल्या बोटांनी तर आणखीच. तसाच पुढे दिला तर ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात त्याचा पत्ताही लागत नाही. प्रीअँप हा सिग्नल आधी उचलून धरतो, मग त्याला घडण देतो: खर्ज किती, मधला स्वर किती, तारेची धार किती. दादाने सिग्नल उचलणारं गेनचं बटण फिरवलं, मधला थोडा वर घेतला, आणि तारेला बोट नुसतं टेकवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. बऱ्याच महिन्यांनी तो हसत होता.

पेटीला चालू-बंद करायचं बटण नव्हतं. वायर खोचली की लाल दिवा लागायचा आणि आतली बॅटरी उतरायला लागायची. म्हणून चहाला उठला तरी दादा वायर उपसून ठेवी. वहिनी म्हणाली, मला कधी एवढं जपलं नाही. तो म्हणाला, तुझी बॅटरी उतरते कुठे?

जयंतीला मुंबई मंडळ आलं. आमच्या प्रत्येक वाडीला दोन मंडळं असतात. गावचं मंडळ मांडव घालतं आणि मुंबईचं त्यात बसतं. पहिली गाणी उत्तम झाली. इतक्या वर्षांत प्रथमच मैदानाच्या टोकापर्यंत बेस पोचत होता. साउंडवाला खूश होऊन मला अंगठा दाखवत होता.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्कार चालू असताना वाद्यं पूर्ण थांबवायची नाहीत, अशी रीत आहे. बाकीचे पाणी पितात आणि एकटा बेस खाली संथ चालू राहतो. कारणही उघड आहे. शांततेत शाल दिली तर ती नुसती शाल दिसते.

एव्हाना दादाचा डावा हात थकला होता. त्या हाताचं आम्ही कोणी मनावर घेतलंच नव्हतं. बोटं पट्टीवर पुरती दाबली जाईनात आणि तार खरखरायला लागली. प्रीअँप येईल ते उचलतो, सूर की खरखर हे तो बघत नाही. त्यात साउंडवाल्याने बेस आणखी वर घेतला होता. मुंबई मंडळाचे अध्यक्ष स्वतःच्या साधेपणाविषयी बोलत होते आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली मैदानभर खर्रर्र होत होतं. शेवटी ते थांबले आणि माइकवरूनच म्हणाले, "साउंडवाले, तुमची वायर बघा."

साउंडवाल्याने येऊन वायर बदलली. पुन्हा खर्रर्र. त्याने दुसरी आणली. तो वाकून ती खोचत असताना दादा हळू आवाजात म्हणाला, "भावा, वायर बरी आहे. हात गेलाय."

साउंडवाल्याने तरीही वायर नीट खोचून दिली. दादाने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर डाव्या हाताने बेस धरला आणि सत्कार पुढे चालू झाले. दादा गिटार गळ्यात घालून बसून राहिला, हात मांडीवर.

कोणीतरी अध्यक्षांच्या कानात आजाराचं सांगितलं असावं. एक शाल उरली होती. त्यांनी दादाला पुढे बोलावून ती त्याच्या खांद्यावर घातली आणि कलेच्या सेवेवर बरंच बोलले. मैदानाने टाळ्या वाजवल्या. दादाने नमस्कारासाठी हात उचलले, ते छातीपर्यंत आलेच नाहीत. खाली संथ बेस चालू होता. तो मी वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या घरात गिटार भिंतीला टेकवलेली होती. वायर पेटीत तशीच खोचलेली होती आणि लाल दिवा विझला होता. मी नवी बॅटरी आणायला निघालो, तेव्हा दादा ओटीवरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे."